व्हॅन मिळाली, ड्रायव्हर नाही

आपल्याकडे गाडी भाड्यानं घेतली की तिच्याबरोबर एक माणूस येतो. अष्टविनायक असो, कोल्हापूर-जोतिबा असो, नाहीतर गणपतीला कोकणात जायचं असो. एजन्सीवाल्याला फोन केला की तो आधी किलोमीटरचा दर सांगतो, मग 'दिवसाला तीनशे किलोमीटर मिनिमम', मग ड्रायव्हर भत्ता, आणि टोल-पार्किंग तुमच्याकडे. पहाटे फाटकाशी पांढरी एर्टिगा उभी असते आणि तिची काच पुसत एक माणूस. पुढचे दोन-तीन दिवस तो नुसती गाडी चालवत नाही. कुठला घाट बंद आहे, कुठल्या हॉटेलात बायकांसाठी स्वच्छ संडास आहे, पोलिसानं हात केला तर खाली कोणी उतरायचं, पंक्चर झालं तर चिखलात कोणी बसायचं, हे सगळं त्याच्याकडे. उशीर झाला तर दोषही त्याचाच. त्याचं आडनाव शेवटपर्यंत आपल्याला ठाऊक नसतं, आणि रात्री तो कुठे झोपला हे विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

आता स्वतः चालवायच्या गाड्याही मिळतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की समजावं, गाडी भाड्याची आणि चालवणारा गिऱ्हाईक. गोव्यात अशा गाड्या पावलोपावली दिसतात. पण माझ्या आईवडिलांच्या पिढीला अजूनही ते खरं वाटत नाही. दुसऱ्याची गाडी, आणि चालवायची आपण? परदेशातसुद्धा आपल्या लोकांनी ही व्यवस्था सोबत नेली. बस ठरलेली, टूर मॅनेजर मराठी, आणि युरोपातल्या डोंगरावर दुपारच्या जेवणाला वरण-भात. मला त्याची टिंगल करायची नाही. भाषा येत नसलेल्या, पहिल्यांदा विमानात बसलेल्या हजारो लोकांनी त्या वरण-भाताच्या आधारावर जग पाहिलंय.

त्यामुळे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-रांधायची सोय आतच असलेली गाडी, घेऊन फिरायचं ठरलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न अगदी स्वाभाविक होता. "ड्रायव्हर इंग्रजी बोलणारा असेल ना?"

ड्रायव्हर मी होते. त्यात शौर्य काही नाही. कंपनीला मुख्य चालकाच्या नावावरचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट चालत नाही, आणि पुरेशी मर्यादा असलेलं कार्ड माझ्याकडे होतं. महाराष्ट्राचं लायसन्सचं स्मार्टकार्ड इंग्रजीत असतं, ते तिथे चालतं. रस्त्याची डावी बाजूही आपलीच. भाड्याच्या गाड्यांमध्ये 'डावीकडे राहा' असं बजावणारे स्टिकर असतात आणि पश्चिम किनाऱ्यावर तर प्रेक्षणीय जागांच्या बाहेर डांबरावरच बाण रंगवलेले आहेत. ते अमेरिकन आणि युरोपीय पाहुण्यांसाठी. आपल्याला तेवढी एक गोष्ट इंग्रज शिकवून गेलेत. नवऱ्याचं नाव दुसरा चालक म्हणून फॉर्मवर घातलं, त्याचे दिवसागणिक वेगळे पैसे भरले, आणि क्राइस्टचर्चच्या डेपोत काउंटरपुढे मी करार वाचायला बसले.

भाड्याच्या गाडीचा करार कोणी वाचत नाही. वाचावा. त्यातलं प्रत्येक कलम कुणीतरी आधी करून ठेवलेल्या पराक्रमावर उभं असतं. विमा आहे, पण पहिले काही हजार डॉलर तुमचे. कॅम्परव्हॅनला ही रक्कम सहा-सात हजार न्यूझीलंड डॉलरपर्यंतही जाते, आणि तेवढी कार्डावर अडकवून ठेवतात. रोज थोडे जास्त पैसे भरले तर ती शून्यावर येते. मग माणूस निर्धास्त होतो आणि पुढचं पान वाचत नाही. पुढच्या पानावर असतं ते असं: छताला लागलं तर विमा नाही, गाडीच्या पोटाला लागलं तर नाही, दुसरी गाडी मध्ये नसताना आपलीच उलटली तर बहुतेक ठिकाणी नाही, चुकीचं इंधन भरलं तर नाही. आणि एक कलम मी दोनदा वाचलं: डिझेलच्या टाकीत पाणी भरल्यास नाही. पाण्याच्या आणि डिझेलच्या टाकीची झाकणं बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे हे कुणीतरी केलेलं असणार, आणि एकापेक्षा जास्त वेळा.

त्यापुढे रस्त्यांची नावं येतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅनियनचा कडेकपारीतला रस्ता, उत्तरेचा नाइंटी माइल बीच, माउंट कुकजवळचा बॉल हट रोड. तिथे गाडी नेली तर जे होईल ते तुमचं. पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत देश सुंदर कुठे आहे ते लिहिलेलं असतं. तो कुठे गाडी गिळतो, हे करारात लिहिलेलं असतं.

डिझेलची एक गंमत तिथेच कळली. पेट्रोलवरचा रस्त्याचा कर पंपावरच्या दरात धरलेला असतो, डिझेलवर तसा नसतो. डिझेल गाडीचा मालक किलोमीटर आधी विकत घेतो, हलक्या गाडीला हजार किलोमीटरमागे पाऊणशे डॉलरांच्या आसपास. म्हणून पंपावर डिझेल स्वस्त दिसतं आणि गाडी परत करताना किलोमीटर मोजून बिल येतं. दक्षिण बेटावर टोलनाका एकही नाही. बाबा खूश. मी त्यांना या बिलाचं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

विम्याबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण मला ते त्या देशातल्या हिमनद्यांपेक्षा जास्त विचारात पाडून गेलं. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसं कलम आहे. न्यूझीलंडमध्ये असा विमा सक्तीचा नाही. सुरुवातीला वाटलं, एवढे शिस्तीचे लोक आणि हे कसं? त्याचं उत्तर १९६७ मध्ये आहे. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगानं त्या वर्षी सुचवलं की अपघातात जखमी झालेल्या माणसाला चूक कोणाची हे कोर्टात सिद्ध करत बसायला लावू नका. उपचार आणि भरपाई समाजानं द्यावी. १९७४ पासून ती योजना चालू आहे, आणि अपघातात जखमी झालेला पाहुणाही उपचारांपुरता तिच्यात येतो. त्या बदल्यात दुखापतीसाठी नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क बहुतांशी गेला. आपल्याकडे मोटार अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं फाइल घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत, माझा एक मामा त्यांतला. तिथे पत्र्याला पोचा आला तर तुम्ही कंगाल व्हाल, हाड मोडलं तर नाही. गाडीवाल्या कंपनीनं आणि देशानं आपापली काळजी अशी वाटून घेतलीय.

सात मीटरची व्हॅन चालवणं अवघड नसतं, लांबलचक असतं. वळणावर मागचं टोक आपल्यानंतर येतं. भोवऱ्यासारख्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आपणही परीक्षेला पाठ केलेला असतो. तिथे तो लोक खरोखर पाळतात, आणि त्याची सवय व्हायला वेळ लागतो. सगळ्यात आवडले ते एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल. महामार्ग दोन्ही बाजूंनी सुसाट येतो आणि नदीपाशी एकाएकी अरुंद होतो. निळ्या चौकोनी पाटीवर आपल्या दिशेचा पांढरा बाण मोठा असेल तर आपण आधी. लाल कडेच्या गोल पाटीवर आपला बाण लाल आणि छोटा असेल तर थांबायचं. हास्टच्या नदीवरचा असा पूल सातशे मीटरहून लांब आहे, मध्येच बाजूला व्हायला जागा ठेवल्यात. समोरून येणारा थांबतो, आपण जातो, तो हात वर करतो, आपणही करतो. पोलीस नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाही. पानशेतच्या बाजूला अशा पुलावर काय होतं ते ज्यानं त्यानं आठवावं.

पण सगळं असं गोडीगुलाबीचंही नाही. लिंडिस पासच्या चढावर आमच्या मागे सात-आठ गाड्यांची रांग लागली. अशा वेळी पहिली जागा मिळताच कडेला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं असतं. नाही घेतलं तर मागचा माणूस स्टार-पाच-पाच-पाच फिरवून पोलिसांकडे तक्रार करतो. २०१५ च्या सुमारास तर पर्यटकांचं चालवणं पाहून वैतागलेल्या काही स्थानिकांनी थेट त्यांच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या, त्याच्या बातम्या झाल्या होत्या. आरशात दिसणारा प्रत्येक उंच माणूस मला किल्ली काढायला आलाय असं वाटायचं. मी इतक्या वेळा कडेला घेतलं की लेक म्हणाली, "आई, आपल्याला सायकलवाला पण पास करून गेला."

पुकाकी तळ्याचं दुधी निळं पाणी, त्याच्या टोकाला ३,७२४ मीटरचा माउंट कुक, टेकापोच्या रात्रीचं आकाश. यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी त्यावर काही लिहीत नाही. मला संडासाबद्दल लिहायचंय.

न्यूझीलंडमध्ये सरकारी किंवा नगरपालिकेच्या जागेवर गाडीत झोपण्याबद्दल २०११ चा एक कायदा आहे. लोक छोट्या गाड्यांत झोपायचे आणि सकाळी झाडीत जायचे, गावं वैतागली होती. २०२३ मध्ये तो कायदा कडक केला. आता बऱ्याचशा जागी रात्री थांबायचं तर गाडी 'स्वयंपूर्ण' हवी आणि तिच्या काचेवर तसा हिरवा परवाना हवा. किती माणसांसाठी तेही त्यावर लिहिलेलं असतं. तीन दिवस पुरेल एवढं पाणी, तीन दिवसांचं सांडपाणी साठवायची टाकी, आणि गाडीत पक्का बसवलेला संडास. तो संडास बिछाना उघडलेला असतानाही वापरता आला पाहिजे, हेसुद्धा नियमात आहे. ज्यानं ते लिहिलं त्यानं व्हॅनमध्ये रात्र काढलेली असणार.

डेपोतल्या मुलीनं आम्हाला गॅस, हीटर, फ्रिज सगळं दाखवलं आणि शेवटी व्हॅनच्या बाहेरून एक छोटं दार उघडलं. आतून चाकं असलेली प्लास्टिकची पेटी ओढून काढली. साधारण वीस लिटरची. भरली की दिवा लागतो. मग ती ओढत ठरलेल्या जागी न्यायची, नळकांडं फिरवायचं, झाकण काढायचं, ओतताना अंगठ्यानं हवेचं बटण दाबून धरायचं म्हणजे उडत नाही, धुवायची, निळं औषध घालायचं, परत बसवायची. तिथे दोन नळ असतील, एक प्यायच्या पाण्याचा, एक हे धुण्याचा; ते एकमेकांत घालू नका. ती हे इतक्या सहज सांगत होती की जणू कुकरची रिंग बदलायला शिकवत असावी. आम्ही पाचही जण त्या वेळी पाच वेगळ्या दिशांना बघत होतो.

नवऱ्यानं तोडगा काढला: तो संडास वापरायचाच नाही. त्या देशात सार्वजनिक संडास जागोजागी आहेत, फुकट आहेत आणि स्वच्छ आहेत. बहुतेक देशी कुटुंबं हेच करत असणार अशी मला शंका आहे. पण हास्टच्या पलीकडे रात्रभर तिथला सुप्रसिद्ध पाऊस कोसळत होता, आईचे गुडघे, बाहेर अंधार. सकाळी दिवा लागला होता.

मी म्हणाले, गाडी मी चालवते. नवरा म्हणाला, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याचा पाइप माझ्याकडे आहे. लेक म्हणाली, मी अठरा पूर्ण नाही. बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, सिंकखालचे रबरी हातमोजे काढले आणि काही न बोलता उतरले. पावसात टोपी घालून ते ती पेटी ओढत निघाले. मी मागे धावले, तर म्हणाले, "तू जा आत. बटणाचं माझ्या लक्षात आहे."

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. घरी बाथरूमची जाळी तुंबली तरी ते वॉचमनला सांगून माणूस बोलावतात. त्यामुळे हे काय झालं, आम्हाला कळेना. संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर जाळीच्या आत बसून, बाहेर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या घोंगावत असताना, त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं बालपण कणकवलीतलं. तिथे आप्पा पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. कोकणचे गांधी म्हणत त्यांना. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून आप्पांनी उपोषण केलं. त्यांच्या जातीच्या कैद्याला ते काम द्यायला तुरुंग तयार नव्हता. येरवड्यातून गांधीजीही त्यांच्यासाठी उपाशी राहिले. पुढे आप्पांनी मैल्याचं खत करणारा साधा संडास बसवला, तोच 'गोपुरी संडास'. "शाळेतून आम्हाला बघायला नेलं होतं," बाबा म्हणाले. "म्हातारे आप्पा स्वतः दाखवत होते. आम्ही नाक धरून हसत होतो. त्यांनी एकाला विचारलं, तुझ्या घरचं कोण काढतं? कोणालाच नाव सांगता आलं नाही."

पुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. पण मी गाडी चालवताना त्यावरच विचार करत होते. पुण्यातल्या वाड्यांच्या मागे अरुंद बोळ असायचे, ते कशासाठी होते हे आता वाडेच पडल्यामुळे सांगावं लागतं. हातानं मैला उचलायला माणसं लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, २०१३ मध्ये अजून कडक झाला, आणि ड्रेनेजमध्ये उतरून माणसं मरायची अजून थांबलेली नाहीत. आमच्या सोसायटीत ओला कचरा वेगळा ठेवायला सुशिक्षित लोक भांडतात. आणि इथे जर्मन दंतवैद्य असेल, ऑस्ट्रेलियन शेतकरी असेल, सकाळी दात घासल्यासारखे आपापली पेटी ओढत रांगेत उभे. बाबा दुसऱ्या दिवसापासून त्या रांगेत गप्पा मारायला लागले. कोणतं औषध चांगलं, कुठल्या गावची जागा धुतलेली असते.

याचा अर्थ तिथे सगळे आपलं आपण करतात असा नाही. गाडी परत करताना पेटी भरलेली असली तर कंपनी ठरलेले डॉलर कापते, म्हणजे पैसे टाकले की दुसरं कोणीतरी ते करतंच. आम्ही व्हॅन परत केली तेव्हा मागच्या आवारात गाड्या धूत होती ती मुलं आपापसात पंजाबी बोलत होती.

तर, बाबांची ही गोष्ट घरी आल्यावर फार चालली. आर्थर्स पासला किआ पोपटांनी वायपरचं रबर ओढून काढायला घेतलं, ती गोष्ट मागे पडली, पण हातमोजे घातलेल्या बाबांचा फोटो सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर फिरला. आत्यानं तर तो फ्रेम कर म्हणून सांगितलं. आई प्रत्येक वेळी ऐकत होती आणि एकदा, पाहुणे गेल्यावर, कप उचलता उचलता म्हणाली, "त्या कागदावर दुसरा ड्रायव्हर लिहायला जागा होती. दुसरी स्वयंपाकीण लिहायला कुठे होती का?"

मग मला एकेक दिसायला लागलं. दोन शेगड्या, हातभर ओटा, तव्याएवढं सिंक. फोडणीचा वास गाद्यांत बसतो म्हणून ती हॉलिडे पार्कच्या, म्हणजे व्हॅनी मुक्कामाला लावायच्या तळाच्या, सामाईक स्वयंपाकघरात जाऊन मोहरी तडतडवायची आणि कढई झाकून पावसातून परत आणायची. तुपाचे लाडू नेता येणार नाहीत, मध नाही, बाकी सगळं विमानतळावर लिहून द्यायचं, नाहीतर जागेवर चारशे डॉलर दंड. ती यादीही तिनंच केली होती, प्रत्येक पुडीवर चिठ्ठी चिकटवून. गाडी निघायच्या आधी प्रत्येक कप्प्याचा खटका लावायची तीच, नाहीतर पहिल्या वळणावर ताटल्या खाली. ड्रायव्हर नव्हता म्हणून त्याची कामं आम्ही वाटून घेतली, त्यांच्या गोष्टी झाल्या. आईची जी कामं पुण्यात होती तीच तिथे होती, फक्त ओटा लहान होता. तिचा त्या सगळ्यातला एक फोटो आहे, त्यात ती पाठमोरी आहे आणि फोटो मागच्या हिमनदीचा आहे.

नवऱ्यानं आता टास्मानियातल्या व्हॅन बघायला घेतल्यात. आईनं यायचं कबूल केलंय, पण संध्याकाळचं जेवण तिच्याकडे नसेल आणि करारही आधी तीच वाचणार आहे. बाबा रविवारी खिचडीचा सराव करतात. परवाची तळाला लागली होती. आईनं ती खाल्ली आणि पातेलं भिजत घालून तसंच ठेवलं, त्यांच्यासाठी.